ओव्हन नाही, इलेक्ट्रिक स्किलेटवर ब्राउनी जमेल का?

दारव्ह्याची_सून

नमस्कार मंडळी. दारव्ह्यापासून आत खेड्यात राहते. घरी ओव्हन नाही आणि घ्यायचा विचारही नाही, ठेवायला जागा उरली आहे ती फक्त धान्याच्या कोठीवर. नणंदेनं नागपूरहून एक इलेक्ट्रिक स्किलेट आणून दिलंय. खोलगट चौकोनी तवा, वर उंच काचेचं झाकण, बाजूला काढता येणारी दांडी आणि तिच्यावर आच कमी-जास्त करायचं गोल बटण. आतापर्यंत त्यात धिरडी आणि अंड्याची पोळी झाली.

पुतणीनं यवतमाळला कॅफेत ब्राउनी खाल्ली तेव्हापासून तिचं एकच चाललंय, दहावीचा निकाल लागला की काकूच्या हातची ब्राउनी. नणंदेनं एक अमेरिकन कृती पाठवली, त्यात नुसतं "३५० डिग्री, ३० मिनिटं" आहे. करायच्या आधी विचारून घेते. पीठ सरळ तव्यातच ओतायचं का? ३५० म्हणजे आपल्याकडचे किती? वरून आच नाही, मग खालून जळून वर कच्चं राहील का? आणि संध्याकाळी आमच्याकडे लाइन केव्हा जाईल याचा नेम नाही, हे धरूनच सांगा.

पुसदचा_वायरमन

ताई, ब्राउनीतलं मला कळत नाही, विजेचं सांगतो. आधी तवा उलटा करा आणि बुडाची पट्टी वाचा. २२०-२४० व्होल्ट असेल तर बिनधास्त वापरा. कृती अमेरिकन म्हणता म्हणून विचारलं. तिकडचा माल १२० व्होल्टचा असतो. कुणी बॅगेत घालून आणलेला तसा तवा आपल्या बोर्डात लावला, तर आच दुप्पट होऊन थांबत नाही, साडेतीन पटीच्या वर जाते. कॉइलची उष्णता व्होल्टेजच्या वर्गानं वाढते.

दुसरं, १५०० वॅट म्हणजे साडेसहा अँपिअर. मोबाइल चार्जर लावतो ते लहान सॉकेट ६ अँपिअरचं असतं. १६ अँपिअरच्या मोठ्या सॉकेटमध्ये लावा, अर्थिंग असलेल्या. एक्स्टेंशन बोर्ड नको. घरगुती इन्व्हर्टरवर तर मुळीच नको.

डिम लाइटचं म्हणाल तर तोच हिशेब उलटा चालतो. २३० च्या जागी १८० व्होल्ट आले की १५०० वॅटच्या तव्यात जेमतेम ९२० वॅटची उष्णता उरते. तवा तापायला वेळ लागेल, पण एकदा तापला की थर्मोस्टॅट जास्त वेळ चालू राहून बरंचसं भरून काढतो.

दारव्ह्याची_सून

पाहिलं दादा. २२०-२४० व्होल्ट, १५०० वॅट आहे. बटणावर फॅरेनहाइट आणि सेल्सिअस दोन्ही आकडे आहेत.

मोर्शीची_काकू

मग ३५० फॅरेनहाइट म्हणजे साधारण १७५ सेल्सिअस. पण तो ओव्हनचा आकडा आहे बाई, ओव्हनच्या आतल्या हवेचा. तुझ्या बटणावरचा आकडा तव्याच्या बुडाचा. झाकणाखालची हवा त्याच्यापेक्षा बरीच थंड असते. म्हणून मी बटण १९०-२०० वर ठेवते.

पीठ तव्यात सरळ ओतायचं नाही. ब्राउनीत साखर नि लोणी इतकं असतं की बूड करपायला वेळ लागत नाही. कुकरमधली जाळी किंवा बुटकी तिवई तव्यात ठेव, तिच्यावर अॅल्युमिनियमचा ७ इंची डबा. काळा नॉनस्टिक डबा नको, तो खालून लवकर तापतो. डब्याच्या चारी बाजूंनी बोटभर तरी जागा सुटली पाहिजे, गरम हवा तिथूनच वर चढते आणि वरची बाजू शिजवते. तुझ्या प्रश्नाचं उत्तर खरं तर त्या फटीत आहे. डबा उंच नको, झाकणाला टेकता कामा नये.

प्रमाण लिहून घे. लोणी १०० ग्रॅम, साखर १५०, अंडी २, मैदा ६०, कोको ३५, चिमूटभर मीठ. बेकिंग पावडर नाही, सोडा नाही. ज्यांना ती हवी त्यांनी चॉकलेट केक करावा आणि त्याला केकच म्हणावं. घरचं तूप वापरणार असशील तर ८० ग्रॅम पुरे, लोण्यात पाणी असतं, तुपात नसतं. कोको म्हणजे कडू कोको. तालुक्याच्या दुकानात कोको मागितला की दुधात घालायची गोड चॉकलेट पावडर हातात देतात, ती निम्म्याहून जास्त साखरच असते. पाकीट उलटं करून वाच.

लोणी पातळ करून गरम असतानाच साखर घाल आणि हात दुखेपर्यंत घोट. साखर जितकी विरघळेल तितकी वर चकाकी येते. मग अंडी, एकेक वाटीत फोडून पाहून. मे महिन्यात आपल्याकडच्या अंड्यांवर मी डोळे झाकून विश्वास ठेवत नाही. कोको-मैदा शेवटी, आणि तेव्हा मात्र जास्त फेटायचं नाही.

तवा झाकण लावून १० मिनिटं आधी तापव. डबा ठेवल्यावर पहिली २५ मिनिटं झाकणाला हात लावू नकोस. झाकणाला वाफेचं भोक असेल तर ते उघडं ठेव, वाफ आत कोंडली की वरचा पापुद्रा धरत नाही. झाकण उचलताना सरळ वर आणि लगेच बाजूला. तिरपं केलंस की काचेवरचं सगळं पाणी ब्राउनीवर. ३५ मिनिटांनी मधोमध काडी घालून बघ. ओलसर चुरा चिकटला तर झाली, पातळ पीठ आलं तर अजून ५-७ मिनिटं. काडी अगदी कोरडी निघेपर्यंत थांबलीस तर वडी होईल. पूर्ण गार झाल्याशिवाय सुरी लावायची नाही. पोरं तोवर दम काढत नाहीत, म्हणून डबा वरच्या फळीवर ठेव.

लाइन मधेच गेली तर झाकण तसंच राहू दे. जाड बुडाचा तवा बराच वेळ धग धरतो, आणि ब्राउनी केकसारखी फुगण्यावर अवलंबून नसते, त्यामुळे बसली-बिसली असं काही होत नाही.

आमच्याकडे संत्रं असतं म्हणून मी साल किसून घालते, फक्त नारंगी भाग, पांढरा आला की कडू. निकालाच्या वेळी मृग बहाराची फळंही संपलेली असतात. तेव्हा सावलीत वाळवलेल्या सालीची पूड, अर्धा चमचा.

अकोटचा_गडी

काऊन एवढा खटाटोप बापा? गंजात दोन बोटं रेती टाका, वर ताटली, ताटलीवर डबा, झाकण लावा अन् ठेवा चुलीवर. आमच्या घरी केक असाच होते. रोडगे गवऱ्यांत भाजणारे लोक आपण, आपल्याले डिग्री कायले पाह्यजे?

मोर्शीची_काकू

भाऊ, रोडग्याचं बूड काळं झालं तर झटकून तुपात बुडवता येतं. ब्राउनी करपली की आतपर्यंत कडू. केकसाठी तुमची रेती मीही वापरलीय, चांगली चालते. पण मे महिन्यात पाऊण तास चुलीपुढे बसायला तुम्ही येणार असाल तर सांगा, मग तिला तीच कृती देते.

अकोटचा_गडी

नाही नाही काकू, तुमचंच बरोबर हाय.

दारव्ह्याची_सून

काकू, सगळं वहीत उतरवलं. आता राहिलेला प्रश्न. सासूबाईंना अंडं चालत नाही. दही घालू का?

मोर्शीची_काकू

दह्यानं केकसारखी हलकी होते, मला नाही आवडत. तुमच्या घरी जवस असेलच. एका अंड्याला एक मोठा चमचा जवसाची बारीक पूड आणि तीन चमचे पाणी, १५ मिनिटं ठेव, चिकट होतं. कच्च्या जवसाची पूड बरं का, चटणीची मीठ-तिखटवाली नव्हे. वरची चकाकी येणार नाही आणि आत थोडी चिकट राहील, म्हणून गार व्हायला अजून वेळ द्यायचा. रात्रभर ठेवलीस तर तुकडे नीट पडतात.

दारव्ह्याची_सून

मग दोन लहान डबे, एक अंड्याचा आणि एक जवसाचा, एकदम ठेवले तर?

मोर्शीची_काकू

नको, हवा फिरायला जागाच उरणार नाही. जवसाची आधी कर, सासूबाईंची. भांडी-फेटणी कोरी असतानाच त्यांची होऊन जाऊ दे, म्हणजे नंतर घरात त्यावरून काही निघणार नाही. अंड्याची मागून.

पुसदचा_वायरमन

आणि दोन्ही लागोपाठ करायच्या तर दुपारीच उरका ताई. त्या वेळी गिझर किंवा पाण्याची मोटर त्याच लाइनीवर चालू ठेवू नका. पहिला डबा उतरवल्यावर प्लगला हात लावून बघा. नुसता कोमट असेल तर चालू द्या, चटका बसत असेल तर सॉकेटचे स्क्रू ढिले आहेत, आधी ते कुणाकडून तरी आवळून घ्या.