बदली होऊन नाशकात येताय? शहराच्या कडेचा स्वस्त फ्लॅट घेऊ नका (माझं मत, तुमचंही सांगा)

गंगाकाठची

माझा मावसभाऊ कल्याणहून इथे अंबड एमआयडीसीतल्या कंपनीत येतोय. जूनच्या आत बिऱ्हाड हलवायचं म्हणून घाई, सोबत बायको, चौथीतली मुलगी आणि आमची मावशी, बजेट सगळं धरून 45 लाख. एजंट त्याला एकतर आडगावच्या पुढे नेतो नाहीतर विल्होळीच्या बाजूला, तिथे नवीन टॉवर, गेटवर कारंजं, क्लब हाऊस, आणि भाऊ कल्याणच्या वन आरकेतून आलेला, हॉल बघूनच टोकन द्यायला निघाला होता. मी थांबवलंय त्याला, म्हणून इथे लिहितेय.

माझं म्हणणं असं की कुटुंब घेऊन येणाऱ्याने पहिलं वर्ष भाड्याने काढावं, आणि घ्यायचंच असेल तर कडेच्या नवीनपेक्षा इंदिरानगर, सिडको, जेलरोड असल्या भरवस्तीतलं जुनं टू बीएचके घ्यावं. कडेचं घर स्वस्त पडतं ते सकाळी बाईक काढून निघून जातो त्याला. मागे घरात जी राहते तिला ते महागच पडतं. पोरीला ताप आला, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या संपल्या, शाळेत मीटिंग आहे, प्रत्येक गोष्टीला हायवे ओलांडायचा नाहीतर नवऱ्याची शिफ्ट सुटायची वाट बघायची. मग दुसरी गाडी येते, व्हॅनवाला अंतर बघून पैसे सांगतो, किराणा ऑनलाइन मागवावा लागतो, हे सगळं एजंटच्या हिशोबात कुठेच नसतं. महापालिकेची सिटीलिंक बस 2021 पासून आहे, चांगली आहे, पण तुमच्या सोसायटीपासून थांबा किती लांब आणि शेवटची बस किती वाजता हे साइटवर कोणी सांगत नाही, ते थांब्यावरच जाऊन विचारावं लागतं.

आडगावकर

ताई, राग मानू नका, पण असंच सगळ्यांनी ऐकलं असतं तर पाथर्डी फाट्याला आज कोणी राहायला गेलंच नसतं. तिथे द्राक्षाचे बाग आणि मोकळे प्लॉट होते तेव्हा लोक हसत होते, आता तिथलं टू बीएचके तुमच्या भावाच्या बजेटमध्ये बसतंय का बघा बरं. आडगावला मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल आहे, शाळा आहेत, आणि अंबडला जायचं तर उड्डाणपुलावर चढायचं आणि गरवारे पॉइंटला उतरायचं, द्वारका चौकाच्या गर्दीत शिरावंच लागत नाही. जेलरोडवरून अंबडला रोज द्वारका ओलांडत जाऊन दाखवा, मग बोलू लांब कशाला म्हणतात ते. आणि 2027 चा कुंभ तोंडावर आलाय, रस्त्यांची कामं चालू आहेत, आत्ता घेतलं नाही तर नंतर याच पैशात वन बीएचके मिळेल. भाडं भरत बसणं म्हणजे पैसे गंगेत सोडणं.

हप्तेवाला

मी होम लोनच्या फाइली करतो, त्यामुळे कुठे घ्यावं यात पडत नाही, आकडे तेवढे सांगतो कारण 45 लाख बजेट म्हणजे 45 लाखाचा फ्लॅट असं धरून लोक येतात आणि टेबलावर बसल्यावर चेहरा उतरतो. बांधकाम चालू असलेला 40 लाखाचा अॅग्रीमेंट धरा. महापालिका हद्दीत स्टॅम्प ड्युटी 5 टक्के अधिक 1 टक्का अधिभार, म्हणजे 2 लाख 40 हजार, रजिस्ट्रेशन 30 हजार, जीएसटी 1 टक्का म्हणजे 40 हजार. झाले 3 लाख 10 हजार. त्यावर बिल्डरचं मीटरचं, लीगलचं, मेंटेनन्सचं अॅडव्हान्स, मग खिडक्यांना ग्रिल, किचनमध्ये ट्रॉल्या. 45 तिथेच संपतात. बँक 30 लाखाच्या वरच्या कर्जाला किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंतच देते आणि स्टॅम्प ड्युटी त्या किमतीत धरत नाही, म्हणजे कर्ज 32 लाख आणि खिशातून 8 लाख अधिक हे 3 लाख 10 हजार. साडेआठ टक्के व्याज धरलं तर 20 वर्षांचा हप्ता साधारण 27,800.

अजून एक, याच्यात फार जण अडकतात. 1 टक्का जीएसटी हा 45 लाखापर्यंतच्या आणि आपल्याकडे 90 चौरस मीटर कार्पेटपर्यंतच्या घराला. पार्किंग, डेव्हलपमेंट चार्जेस लावून किंमत 45 च्या वर गेली की थेट 5 टक्के. 46 लाखाला 2 लाख 30 हजार जीएसटी होतो, 45 ला 45 हजार. तयार घराला, म्हणजे कम्प्लीशन सर्टिफिकेट मिळालेल्या किंवा रिसेलच्या, जीएसटीच नाही. आणि घर फक्त वहिनींच्या नावाने घेतलं तर स्टॅम्प ड्युटी 1 टक्का कमी लागते, नवऱ्याचं नाव जोडीला टाकलं की सवलत गेली.

सिडको तिसरी स्कीम

जुनं घ्या म्हणणं सोपं आहे ताई, मी जुन्यातच राहतो म्हणून सांगतो. सिडको महामंडळाची मूळ घरं भाडेपट्ट्याने दिलेली, मूळ अलॉटमेंट लेटर कुणाच्या नावाचं, मधे किती हात बदलले, प्रत्येक ट्रान्सफरचा कागद आहे का, ही साखळी नीट लागली पाहिजे. कित्येक घरांवर वरचा मजला नंतर चढवलाय, प्लॅनमध्ये नाही, मालक पैसे मात्र दोन्ही मजल्यांचे मागतो आणि बँक मंजूर तेवढंच धरते, मग मालक म्हणतो फरक रोखीत आणा. इंदिरानगरच्या जुन्या बिल्डिंगांत तीन मजले, लिफ्ट नाही, तुमच्या मावशीचे गुडघे कसे आहेत? पार्किंगमध्ये चार गाड्यांच्या जागेत दहा गाड्या. तेव्हा जुन्यालाही खर्च आहे, तो दिसत नाही एवढंच. तरी मी भरवस्तीच्याच बाजूचा, कारण रात्री अकराला मेडिकल उघडं सापडतं आणि पोरगी क्लासहून चालत घरी येते. पण कागद वकिलाला दाखवल्याशिवाय टोकन देऊ नका.

मागे राहणारी

वर लिहिलंय ना, मागे घरात जी राहते, ती मीच. पाथर्डी फाट्याच्याही पुढे राहते, नवरा अंबडलाच सेकंड शिफ्टला. माझ्याबद्दल दुसऱ्यांनीच ठरवू नका. आमच्या बिल्डिंगमध्ये सगळेच बाहेरून आलेले, धुळ्याचे, जळगावचे, नगरचे, कुणाचं माहेर इथे नाही त्यामुळे एकमेकींना धरून असतो. सकाळी मुलांना सोडायला आम्ही चौघी पाळीपाळीने जातो, एकीची स्कूटी चालू नाही झाली तर दुसरी. मुलं पार्किंगमध्ये अंधार पडेपर्यंत खेळतात. आधी आम्ही सिडकोत भाड्याने होतो, तिथे खिडकी उघडली की समोरच्यांचं स्वयंपाकघर, आणि घरमालकाने अकरा महिने झाले की भाडं वाढवायचं नाहीतर खाली करा म्हणायचं, सामान बांधून बांधून कपाटाचं दार निखळलं होतं. मुलीची शाळा दोनदा बदलावी लागली ती भाड्यापायी. ताई म्हणतात तशी पहिल्या वर्षी भाड्याने राहा हे मला अजिबात पटत नाही. मुलांना एक पत्ता लागतो.

पण पाण्याचं मात्र आधी बघा. मुकणे धरणाचं पाणी विल्होळीच्या केंद्रात शुद्ध होऊन शहरात जातं, केंद्र शेजारी म्हणून आपल्याला नळ येईल असं धरू नका. महापालिकेची हद्द कुठे संपते ते विचारा. हद्दीबाहेर असेल तर बोअर आणि टँकर, आणि मे महिन्यात टँकरचे पैसे मेंटेनन्समध्ये येतात. साइटवर गेल्यावर सेल्सवाल्याला विचारू नका, वॉचमनला विचारा टँकर किती येतात. आणि पावसाळ्यात संध्याकाळी एक चक्कर मारा, महापालिकेच्या कचऱ्याच्या खत प्रकल्पाकडून वारा आला की वास कुठपर्यंत येतो ते कळेल.

गंगाकाठची

मागे राहणारी ताई, तुमचं वाचून बरं वाटलं, शाळेचा मुद्दा मला मान्य आहे. पण तुमच्याकडे स्कूटी चालवणाऱ्या चौघी आहेत. माझी वहिनी गाडी चालवत नाही आणि नवीन टॉवरमध्ये अर्धे फ्लॅट इन्व्हेस्टमेंटवाल्यांचे, कुलूप लावलेले. शेजारच नसेल तर पाळी कुणाशी लावणार? भाड्याने राहायचं तर शाळा आधी ठरवावी आणि घर शाळेच्या आसपासच शोधावं, मग घर बदललं तरी शाळा बदलत नाही. 11 महिन्यांचा करार रजिस्टर करून घ्यायचा, तो कायद्याने करावाच लागतो, आणि पुढच्या वर्षीची वाढ त्यातच लिहून घ्यायची.

आडगावकर दादा, कुंभानंतर भाव चढतीलच हे तुम्हाला कोणी लिहून दिलंय? आणि भाव वाढले तरी राहत्या घराचे विकून खाणार आहे का तो? त्याला राहायचंय.

आडगावकर

राहायचंय म्हणूनच म्हणतो ना ताई. 32 लाखाच्या कर्जाला बँक तुमच्या चाळीस वर्षं जुन्या बिल्डिंगवर 20 वर्षांची मुदत देईल का, हप्तेवाले दादांना विचारा. आणि रिकाम्या टॉवरचा प्रश्न खरा आहे, पण त्याला उपाय आहे, आडगावात पाचसहा वर्षांपूर्वीच्या भरलेल्या सोसायट्यांमध्ये रिसेलचे फ्लॅट निघतात, जीएसटी नाही, लिफ्ट आहे, शेजार आहे, पाण्याचं काय ते डोळ्यांनी दिसतं. कडेचं म्हणजे फक्त ब्रोशरवरचं असं का धरता?

हप्तेवाला

मुदत बिल्डिंगचं उरलेलं आयुष्य बघून ठरते, बँकेचा व्हॅल्युअर जाऊन बघतो, फार जुनी असेल तर दहाबारा वर्षांवर आणतात आणि हप्ता पेलत नाही. रिसेल बघताना नोंदणी विभागाच्या साइटवर ई-सर्चमध्ये त्याच बिल्डिंगचे आधीचे व्यवहार काढा, इंडेक्स टू, म्हणजे व्यवहाराचा नोंदणी गोषवारा, फुकट दिसतो, शेजारचा फ्लॅट कितीला गेला ते कळलं की घासाघीस करता येते. नवीनच घ्यायचं असेल तर महारेरावर, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या साइटवर, प्रोजेक्टचा नंबर टाकून ताबा कधी लिहिलाय आणि मुदत किती वेळा वाढवलीये ते बघा. ब्रोशरवरची तारीख धरू नका. नाशकात बऱ्याच बिल्डिंगा सोसायटी नसून अपार्टमेंट आहेत, 1970 च्या कायद्याखालच्या, तिथे डीड ऑफ डिक्लरेशन (अख्ख्या बिल्डिंगचं घोषणापत्र) झालंय का आणि विकणाऱ्याच्या नावाने डीड ऑफ अपार्टमेंट (त्या फ्लॅटच्या मालकीचा दस्त) आहे का विचारायचं, नाहीतर फाइल आमच्याकडेच अडकते.

गंगाकाठची

भरलेल्या सोसायटीतलं रिसेल, हे मी भावाला सांगते, आडगावचं असलं तरी. पण वहिनीला आणि मावशीला घेऊन वर्किंग डेला संध्याकाळी जाऊन बघायचं, रविवारी नाही, आणि एजंटला बरोबर न्यायचं नाही. नवीन टॉवरचं टोकन मात्र तो देणार नाही, मी देऊ देणार नाही. इंदिरानगरात लिफ्ट असलेलं, कागद स्वच्छ असलेलं कुणाला माहीत असेल तर कळवा, आमचा शोध चालूच आहे.