दुर्मीळ मासा वाचवण्यासाठी नदीत विष सोडावे का?

ओहोळ : दक्षिण आफ्रिकेत सीडरबर्ग डोंगरातून ऑलिफंट्स नदीकडे वाहणाऱ्या मोजक्या ओढ्यांतच फायरी रेडफिन हा कार्प कुळातला, बोटाएवढा, परांच्या मुळाशी लालभडक असलेला मासा उरला आहे. त्यांपैकी रॉन्डेगाट नदीत तो धबधब्याच्या वर टिकून होता. खाली मात्र, गळाच्या हौसेखातर उत्तर अमेरिकेतून आणलेला स्मॉलमाउथ बास हा शिकारी मासा शिरल्यापासून, लहान देशी मासा औषधालाही सापडत नव्हता. केपनेचर या संस्थेने २०१२ आणि २०१३ मध्ये धबधबा आणि खालचा बंधारा यांच्यामधल्या सुमारे ४ किलोमीटर पात्रात रोटेनोन हे वनस्पतिजन्य विष सोडून बासचा नायनाट केला. माझ्या मते ते योग्यच झाले.

पाणवठा : मी असहमत आहे. रोटेनोन पेशींचे श्वसनच रोखते. त्याला बास आणि मेफ्लायची अळी यांतला फरक कळत नाही, आणि रेडफिन जगतो तो अशाच कीटकांवर. शिवाय खालच्या क्लॅनविल्यम धरणात बास आहेच. उद्या एखादा हौशी गळवाला बादलीतून चार मासे बंधाऱ्याच्या वर सोडून गेला, तर पुन्हा विष ओतणार का?

ओहोळ : कीटकांचा आक्षेप रास्त आहे, मेफ्लायची संख्या खरोखरच घटली होती. परंतु धबधब्याच्या वरचे पात्र अस्पर्शित ठेवल्याने तिथून कीटक वाहत आले आणि बहुतांश सावरले. खालच्या टोकाला पोटॅशियम परमँगनेट सोडून विष निष्प्रभ केले होते. देशी मासे तर कोणी नेऊन न सोडता आपसूक खाली उतरले. बादलीवर मात्र पहाऱ्यावाचून माझ्याकडे उत्तर नाही.

कातळ : आपण दोघेही बासवरच अडलात. त्या खोऱ्यात संत्र्या-लिंबांच्या बागांसाठी ऐन उन्हाळ्यात पाणी उपसले जाते; डोहच आटला तर मासा राहणार कुठे?

पाणवठा : उपशाचा मुद्दा मला पटतो आणि माझा विरोध त्याने अधिकच पक्का होतो, कारण विष दोन वर्षांत सोडून होते, बागायतदाराचा पंप मात्र दर उन्हाळ्यात चालू असतो.

ओहोळ : पंप बंद होईपर्यंत बास थांबला नसता.