शब्दचर्चा : 'डबल हॉकी स्टिक्स' आणि इंग्रजीतली झाकलेली नावं

प्रश्न : अमेरिकन संवादात दहा वर्षांचा मुलगा म्हणतो, 'व्हॉट द एच-ई-डबल हॉकी स्टिक्स!' यात हॉकी कुठून आली? आणि मराठी सबटायटलमध्ये काय लिहावं?

उत्तर : हॉकीचा संबंध फक्त आकारापुरता. मुलगा 'हेल' म्हणजे नरक हा शब्द उघड न म्हणता त्याचं स्पेलिंग सांगतोय : एच, ई, एल, एल. मोठ्या लिपीतलं एल म्हणजे उभी धरलेली काठी, ती दोनदा. पण काठी बर्फावरच्या हॉकीची हवी. मैदानी हॉकीची काठी टोकाला आकड्यासारखी वळते, ती एलपेक्षा जेच्या जवळ जाते, म्हणून आपल्याला हा विनोद चटकन दिसत नाही. याच साच्यात 'डबल टूथपिक्स'ही म्हणतात. वापर अमेरिका-कॅनडातला, शाळकरी. मोठ्या माणसाच्या तोंडी आला तर तो मुद्दाम बाळबोध होतोय असं समजावं.

मराठीत 'नरक' अजिबात आणू नका. वैतागलेला मराठी माणूस समोरच्याला खड्ड्यात नाहीतर मसणात पाठवतो, नरकात कीर्तनकार पाठवतात. नुसता उद्गार हवा असेल तर 'आयला' पुरे.

दुसरं उत्तर : 'आयला'त अर्थ आला, गंमत गेली. मूळ मुलगा शिवी देता देता ती चुकवतोय. 'च्याऽऽ... च्या घेणार का कुणी?' असं काही लिहा. गावाकडे च्या म्हणजे चहाच, आणि 'च्यायला' तोंडातून निसटता निसटता वळल्याचं कळतं. ओळही छोटी आहे.

पुरवणी : 'हेल'च्या जागी येणारे शब्द एकमेकांच्या जागी सरसकट चालत नाहीत. 'हेक' जवळपास कुठेही बसतो : 'व्हॉट द हेक', 'हेक नो', 'अ हेक ऑफ अ लॉट'. 'ब्लेझेस' म्हणजे ज्वाळा. 'गो टू ब्लेझेस', 'व्हॉट द ब्लेझेस' चालतं, पण 'ब्लेझेस नो' कुणी म्हणत नाही. 'व्हॉट इन सॅम हिल' बहुतेक प्रश्नातच येतो आणि जुन्या, ग्रामीण अमेरिकन पात्राला शोभतो. लंडनच्या वकिलाच्या तोंडी घातलात तर पात्र फसलं. 'व्हॉट द डिकन्स'मध्ये सैतान लपलाय, कादंबरीकार नव्हे. कादंबरीकार डिकन्स 1812 मध्ये जन्मले आणि शेक्सपिअर 1616 मध्ये वारला. तरी त्याच्या 'मेरी वाइव्ह्ज ऑफ विंडसर' नाटकात हा उद्गार आहेच.

'गो टू हॅलिफॅक्स'ही सापडेल. इंग्लंडच्या यॉर्कशरमधल्या या गावात साडेतेरा पेन्स किंवा जास्त किमतीचा माल चोरला की यंत्राखाली मुंडकं उडायचं, 1650 पर्यंत. भिकाऱ्यांच्या जुन्या प्रार्थनेत 'हेल, हल (तिथलंच एक शहर) आणि हॅलिफॅक्स' या तिन्हींपासून सुटका मागितलेली आहे.

शंका : 'दि अदर प्लेस' म्हणजे नरकच ना?

उत्तर : स्वर्गाचा विषय चालू असेल तर हो. ऑक्सफर्डवाला म्हणाला तर केंब्रिज, केंब्रिजवाला म्हणाला तर ऑक्सफर्ड. ब्रिटिश खासदारही समोरच्या सभागृहाला 'अनदर प्लेस' म्हणतात. आधी बोलणारा कोण ते बघा.

शंका : देहाच्या शब्दांत सर्वांत धोक्याचा कोणता?

उत्तर : 'फॅनी', निःसंशय. अमेरिकेत तो ढुंगणासाठीचा सौम्य, जवळजवळ आजीबाईंचा शब्द. ब्रिटनमध्ये तोच स्त्रीच्या गुप्तांगासाठी वापरतात. कंबरेला बांधायच्या पाऊचला अमेरिकन 'फॅनी पॅक' म्हणतात. ब्रिटनमध्ये त्याला 'बम बॅग' म्हणा, नाहीतर दुकानदार हसू दाबेल.

लंडनच्या यमकी बोलीची रीत निराळी. नको असलेल्या शब्दाशी जुळणारी दोन शब्दांची जोडी घ्यायची आणि मग जुळणारा शब्दच गाळायचा. 'आर्स' म्हणजे ढुंगण, त्याला यमक 'खैबर पास'. 'पास' गळला, उरलं 'खैबर'. हे यमक 'पाऽस' असा लांब उच्चार करणाऱ्या लंडनमध्येच जुळतं, उत्तर इंग्लंडमधल्या आखूड 'पॅस'शी नाही. तोंडाने पर्रर्र आवाज काढणं म्हणजे 'रास्पबेरी', कारण 'रास्पबेरी टार्ट'ला यमक 'फार्ट', म्हणजे पाद. आपल्या 'च्यायला'त पुढचं डोकं छाटलंय, इथे शेपूट.

'बर्क'मध्ये मात्र भलताच ऐवज आहे. मूळ जोडी 'बर्कली हंट', आणि तिच्याशी यमक जुळतं ते इंग्रजीतल्या सर्वांत जड शिव्यांपैकी एकीशी. तरीही ब्रिटनमध्ये आज कुणालाही हसत हसत 'बर्क' म्हणतात.

शंका : मग भाषांतरात मूळ शिवीचं वजन ठेवायचं?

उत्तर : नाही. ऐकणाऱ्याला आज जेवढं लागतं तेवढंच. 'बर्क' म्हणजे 'येडपट', 'बावळट'. व्युत्पत्ती बघून कडक शिवी घातलीत तर प्रसंगच बदलेल.

आणखी एक : व्हिक्टोरियन लोक लाजेखातर पियानोच्या पायांना कापड गुंडाळत, हे इथे पुरावा म्हणून कुणी देऊ नये. ही कथा इंग्रज लेखक कॅप्टन मॅरियटच्या 1839 च्या अमेरिका-प्रवासवर्णनातली. तिथे तो अमेरिकनांना हसतोय. 'लेग' न म्हणता 'लिम्ब' म्हणण्यावरूनही त्याने त्यांची फिरकी घेतलीय.

शेवटची शंका : 'व्हेअर द सन डोन्ट शाइन' (जिथे ऊन पोचत नाही, म्हणजे ढुंगण) याला 'अवघड जागा' चालेल?

उत्तर : दुखण्याबद्दल असेल तर छान. पण हा वाक्प्रचार बहुतेक वेळा 'तुझा सल्ला तिथे खुपस' अशा तावातावाच्या वाक्यात येतो, आणि 'अवघड जागा' म्हटलं की मराठी वाचकाला जावई डॉक्टर आठवतो. तिथे सरळ 'घाल तो सल्ला चुलीत' लिहा. शरीर गेलं, पण राग शाबूत राहिला.