फिनिक्सला मारायलाच हवं होतं का?

पाचपाखाडीकर:
एका मित्राकडून 'द डार्क फिनिक्स सागा' या कॉमिक्सचं जाडजूड संकलन आणलं आणि ठाणे-वाशी लोकलमध्ये वाचायला घेतलं. उतरायचं होतं कोपरखैरणेला, उतरलो तुर्भ्याला. पुस्तक धरून ठेवतं, यात वाद नाही.

ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी: मार्व्हलच्या एक्स-मेन या सुपरहिरो टोळीच्या कॉमिक्सचे १२९ ते १३८ हे अंक, १९८० सालचे. लेखन ख्रिस क्लेअरमाँट, पेन्सिलची चित्रं जॉन बर्न, त्यांवर शाई टेरी ऑस्टिन. टोळीतल्या जीन ग्रेच्या अंगी फिनिक्सची अफाट शक्ती आहे. मास्टरमाइंड नावाचा भामटा महिनोन्‌महिने तिला खोटी दृश्यं दाखवून तिच्या मनाची कुलपं उघडतो. मग ती भडकते, भुकेपोटी एक तारा गिळते, आणि त्याच्याभोवती फिरणाऱ्या ग्रहावरचे ५ अब्ज जीव, डी'बारी लोक, जळून खाक होतात. शिआर नावाचं परग्रहवासीयांचं साम्राज्य न्याय मागतं. चंद्रावर लढाई होते आणि शेवटी जीन स्वतःचा जीव देते.

माझं मत: हा शेवट लादलेला आहे. आधी काढलेल्या पानांत शिआर तिची शक्ती काढून घेतात आणि ती जिवंत राहते. मुख्य संपादक जिम शूटर म्हणाले, एवढ्या हत्या करून हिला मोकळं सोडता येणार नाही, आणि पानं बदलली. मूळ शेवट १९८४ मध्ये वेगळा छापलाही. मला तोच पटतो. आपल्याकडे अश्वत्थाम्याने झोपलेली पोरं मारली तरी त्याचा मणीच काढून घेतला ना? इथे तर बाई भुलवलेली होती.

घणसोलीचा_घुबड:
सपशेल असहमत. अश्वत्थामा आणलात ते बरं केलंत, कारण तो तुमच्यावरच उलटतो. मणी काढल्यावर तो सुटला का? भळभळती जखम घेऊन रानोमाळ फिरतोय, तेल मागत. आजीने ही गोष्ट सांगितल्यावर मी दोन रात्री झोपलो नव्हतो. त्याला कोणी दया म्हणत असेल तर नमस्कार.

शिवाय भागवतात त्याला सोडा म्हणणारी कोण? द्रौपदी. जिची पोरं गेली ती. माफ करायचा हक्क तिचा होता. डी'बारींमध्ये माफ करायला उरलंय कोण? शूटरसाहेब इतर बाबतीत कसेही असोत, इथे त्यांना एक साधी गोष्ट दिसली: मेलेल्यांच्या वतीने बोलणारं कोणी नाही. म्हणून शिक्षा कथेलाच द्यावी लागली.

खारेगाव_फाटक:
शेवटावर भांडा खुशाल, पण या कथेतला खरा माल हेलफायर क्लबात, म्हणजे मास्टरमाइंडच्या श्रीमंत खलनायक साथीदारांच्या अड्ड्यात, आहे. १३२ व्या अंकात सगळी टीम पकडली जाते, त्यातला वुल्व्हरिन गटारात फेकला जातो, आणि शेवटच्या पॅनलमध्ये गुडघाभर पाण्यातून वर बघतो. ऑस्टिनची शाई तिथे बघा. पाणी, विटा, अंधार, सगळं वेगवेगळं कळतं.

चंद्रावरची लढाई मात्र मला जड गेली. शिआरचे इंपीरियल गार्ड म्हणजे आधीचे चित्रकार डेव्ह कॉक्रमने दुसऱ्या कंपनीच्या लीजन ऑफ सुपर-हीरोजवरून सरळसरळ बेतलेली फौज. ही गंमत ज्याला माहीत त्याला मजा, बाकीच्यांना नुसती गर्दी. आणि क्लेअरमाँटचे संवादांचे फुगे! माणूस हवेत उडता उडता स्वतःची शक्ती काय, आज मन का उदास, सगळं सांगतो. कीर्तनकारही मध्ये श्वास घेतात.

पाचपाखाडीकर:
@घुबड, द्रौपदीचा मुद्दा लागला. पण मास्टरमाइंडचं काय? दारू पाजून गाडी हातात दिली, अपघात झाला, तर फाशी फक्त चालवणाऱ्याला?

सीवूड्सची:
तुम्ही दोघं दोषाबद्दल भांडताय. मला वेगळंच खुपलं. पूर्ण कथेत जीनच्या मनात कोण शिरत नाही? आधी मास्टरमाइंड तिला आपली बायको असल्याचं भासवतो. मग प्रोफेसर झेवियर, एक्स-मेनचे गुरुजीच ते, तिच्या डोक्यात बंधनं घालतात. भल्यासाठी, पण घालतात. काकूंनी मुलीचा फोन तपासावा तसं.

आता मूळ शेवट बघा. तिथेही तिला धरून, यंत्राला जुंपून, दुसरेच तिचं मन कापतात. छापलेल्या शेवटात ती शक्ती पुन्हा उसळताना ओळखते, प्रियकर स्कॉटशी बोलते आणि चंद्रावरच्या, क्री नावाच्या परग्रहवासीयांच्या जुन्या शस्त्रासमोर स्वतः उभी राहते. अख्ख्या कथेत तिने एकटीने घेतलेला मोठा निर्णय तो एकच. संपादकाच्या आग्रहातून आला असेल, आला तर आला. मला मरण आवडलं असं नाही. पण पाचपाखाडीकर, तुम्ही जिला वाचवताय तिला आणखी एकदा टेबलावर झोपवताय.

घणसोलीचा_घुबड:
सीवूड्सची, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. +१.

खारेगाव_फाटक:
एवढे सद्गदित होऊ नका. १९८६ मध्ये सगळ्यावर बोळा फिरवलाय. न्यूयॉर्कच्या जमैका बे या खाडीच्या तळाशी एक कोष सापडतो आणि त्यात खरी जीन! मेली ती तिचं रूप घेतलेली फिनिक्स शक्ती, नुसती नक्कल. म्हणजे तारा जीनने गिळलाच नाही, निर्णयही तिचा नाही. एक्स-फॅक्टर नावाची नवी मालिका काढायची होती, दुसरं काय.

सीवूड्सची:
ते मी मोजतच नाही. जीन मरते तो १३७ वा अंक हातात घेतलेल्याला सहा वर्षांनंतरची दुरुस्ती लागू होत नाही.

खारेगाव_फाटक:
सोयीचं आहे!

पाचपाखाडीकर:
काल रात्री १३५ पुन्हा काढला. डी'बारी लोकांना किती थोडी जागा आहे. आकाश उजळतं, ते वर बघतात, संपलं. पहिल्या वाचनात मी ते पान तसंच उलटलं होतं, जीन पुढे काय करते या घाईत. शेवट लादलेला होता यावर मी अजून ठाम आहे. चुकीचा होता, हे मात्र आता तेवढ्या जोरात म्हणवत नाही. मास्टरमाइंडबद्दलच्या प्रश्नाला कोणी उत्तर दिलेलं नाही, तेवढं लक्षात असू द्या.

घुबड, पुस्तक हवंय म्हणाला होतास. शनिवारी घणसोली स्टेशनला देतो. मित्राचं आहे, चहाचे डाग नकोत.