मदत हवी आहे: २ महिने झाले तरी कंपनीत सेट होत नाहीये

अंबड_नवखा: मंडळी पटकन सांगा कुणीतरी. नाशिकला अंबड एमआयडीसीत जॉईन होऊन २ महिने झाले, कुणी धड काही सांगत नाही. परवा पार्टचा लॉट तपासून पास केला तर जुन्या ड्रॉइंगवर चेक केला म्हणून सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागलं, ड्रॉइंगची नवी रिव्हिजन (सुधारलेली कॉपी) आलीये हे मला काय स्वप्नात दिसणार होतं? सोडू का थांबू?

सिडकोवाली: कुठल्या डिपार्टमेंटला? पर्मनंट का कॉन्ट्रॅक्ट? आधी कुठे होतास? एवढ्यावर काय डोंबल सांगणार.

पाथर्डीफाटा७: सरळ सोड. मी चाकणला गेलो, दीडपट पगार. नाशकात काय ठेवलंय.

रिटायर्ड_फोरमन: आलं याचं चाकण! मी सातपूरला ३१ वर्षं काढली. नवीन पोरगं पहिला महिना गेज (मापं तपासायची साधनं) कुठे ठेवतात हेच शोधत फिरायचं. जो ऑपरेटरच्या बाजूला जाऊन उभा राहायचा तो ३-४ महिन्यांत तयार, साहेबाच्या मेलची वाट बघणारा वर्षभर नवाच.

एचआर_ताई: यावर अभ्यास झालाय. व्हॅन मानेन आणि शाईन या अभ्यासकांनी १९७९ मध्येच मांडलंय, नव्या माणसाला बॅचमध्ये घालून शिकवता की एकट्यालाच ढकलता, यावर तो पुढे कसा वागतो ते बरंचसं ठरतं. तुला ढकललंय. इंडक्शन, म्हणजे नव्या माणसाला कामाची ओळख करून देणं, ते लेखी माग.

रिटायर्ड_फोरमन: लेखी दिलं की पोरगं कायमचं बाहेरचं.

एचआर_ताई: म्हणजे कंपनीने हात झटकायचे का काका?

इंदिरानगरकर: पीएफ ट्रान्सफर केलास का? यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) एकच ठेव, नंतर फार डोकेदुखी होते.

अंबड_नवखा: पीएफचं कुणी विचारलं?? क्वालिटीला आहे, प्रोबेशनवर. आधी ४ वर्षं सिन्नरला होतो, तिकडे नवी रिव्हिजन आली की स्टोअरवाला स्वतः येऊन जुनी कॉपी उचलून न्यायचा.

सिडकोवाली: हे आधी सांगायचं ना! अजून सिन्नरचीच सवय आहे तुला. इथे कॉपी कोण देतं विचारलंस का कुणाला? जेवायला कुणाबरोबर बसतोस?

अंबड_नवखा: गाडीत. एकटाच, १० मिनिटांत उरकतो.

रिटायर्ड_फोरमन: घ्या! अरे रिव्हिजनची बातमी आधी डब्यावर फुटते, मग बोर्डावर लागते.

पाथर्डीफाटा७: रविवारी सगळ्यांना मिसळ खायला ने, विषय संपला.

अंबड_नवखा: पहिल्या दिवशी गेलो होतो कॅन्टीनला. डबा उघडला तर एकजण म्हणे ही अण्णांची खुर्ची आहे. उठलो, तेव्हापासून गाडीच.

सिडकोवाली: अण्णा कोण?

अंबड_नवखा: स्टोअरवाले. ड्रॉइंगच्या कपाटाची चावी त्यांच्याचकडे असते.