‘याकिताते!! जापान’ आणि राइस कुकरमधला पाव

मेघना (बी-४०२): सुट्टीत मुलांना काय लावून देऊ, असं विचारणाऱ्यांनी ‘याकिताते!! जापान’ ही जपानी कार्टून मालिका नक्की बघा. ६९ भाग आहेत, २००४ ते २००६ या काळात टीव्ही टोकियोवर लागायचे. मूळ मांगा (जपानी चित्रकथा) ताकाशी हाशिगुचीची. काझुमा अझुमा हा मुलगा जपानचा स्वतःचा पाव घडवायला टोकियोच्या पँटासिया बेकरीत येतो. घास घेतल्यावर परीक्षक कुरोयानागीचं जे काही होतं, ते बघून पोरं लोळतात. पण पावामागचं शास्त्र बरंचसं खरं आहे.

अथर्व (ए-१०४): ताई, त्यातला राइस कुकरमधला पाव खरंच होतो?

मेघना: होतो. २५० ग्रॅम मैदा, १६० मिली कोमट बिनसाखरेचं सोया दूध, १ चमचा इन्स्टंट यीस्ट, १५ ग्रॅम साखर, ४ ग्रॅम मीठ, १५ ग्रॅम लोणी. लोणी शेवटी घाल, आधी घातलं तर पीठ नीट ताणलं जात नाही. १०-१२ मिनिटं मळ. तुकडा ताणल्यावर न फाटता पातळ पडदा झाला पाहिजे. भांड्याला लोणी लावून दुप्पट फुगू दे, हवा काढ, गोळा वळून पुन्हा तासभर ठेव.

शिर्के काका (सी-२०१): शिट्टीच्या कुकरमध्ये?

मेघना: नाही काका, हा विजेचा, भाताचा. शिट्टीच्यात रिंग-शिट्टी काढून करतात, पण त्याची रीत वेगळी.

अथर्व: आणि ‘वॉर्म’वर फुगायला ठेवलं तर?

मेघना: मुळीच नको! तिथे साठ-सत्तर अंशांपर्यंत तापतं, यीस्ट मरतं. दोन मिनिटं ‘वॉर्म’ करून बंद कर, मग पीठ ठेव. भाजताना आत पाणी नसल्याने बटण लवकर उडतं. उडालं की १० मिनिटं थांब, पुन्हा दाब. अशा तीन फेऱ्या, मग पाव उलटून दोन. झाकणाला फडकं बांध, नाहीतर वाफेचं पाणी ठिबकून वरची बाजू चिकट होते. वरून पांढराच राहतो, कच्चा समजू नकोस. तळावर टकटक केल्यावर पोकळ आवाज आला की झाला.

सुलभा काकू (डी-३०३): त्या मुलाचे ‘सूर्याचे हात’ म्हणजे गरम हात. पीठ लवकर फुगतं ते त्यामुळे, आणि ते पटण्यासारखं आहे. पण मे महिन्यात आपलं स्वयंपाकघरच ३५ अंशांवर असतं. तेव्हा दूध फ्रिजमधलं घ्या, नाहीतर पीठ भसकन फुगून बसतं आणि आंबूस वास येतो.

अथर्व: मग क्रोसाँ (लोण्याच्या थरांचा पाव)? त्यात ३२४ थर दाखवलेत.

सुलभा काकू: तिथे गरम हात घातकच. लोणी ३२ च्या आसपास वितळतं आणि थर एकमेकांत मिसळतात. घरी तीन वेळा तिहेरी घडी घाल, २७ थर पुरे. प्रत्येक घडीनंतर अर्धा तास फ्रिजमध्ये. लोणी हाताने वाकेल इतपतच गार हवं. फार कडक असलं तर लाटताना तुकडे पडतात.

मेघना: अथर्व, आधी कुकरचा कर. क्रोसाँ डिसेंबरात.