सोलापूर-मुंबई विमानाच्या भरवशावर पुढचं जयपूरचं तिकीट काढावं का?

भीमातीर:
मंडळी, सल्ला हवाय, जरा लवकर सांगा. आईबाबांना एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात भावाकडे जयपूरला पाठवायचंय, दोघंही सत्तरी ओलांडलेले, आईचा गुडघा दुखरा. आत्तापर्यंत आमचं ठरलेलं, रात्री सिद्धेश्वर, पहाटे दादर, तिथून टॅक्सीने विमानतळ. आता ऑक्टोबर २०२५ पासून सोलापूर-मुंबई विमान आलंय तर आई म्हणतेय रात्रभर गाडीत अंग कशाला मोडून घ्यायचं. साइटवर सोलापूर-मुंबई एका कंपनीचं आणि मुंबई-जयपूर दुसऱ्या कंपनीचं दिसतंय, मध्ये तीन तास, तिकिटं दोन वेगवेगळी. काढू का? शेजारचे म्हणतात नवीन रूटचं काही खरं नसतं. पेपरात मात्र रोज येतंय प्रवासी वाढले, आता अजून शहरं जोडणार. कुणावर विश्वास ठेवायचा?

खान्देशी_भो:
विमानाने खुशाल पाठवा पण त्याच्या मागे दुसऱ्या कंपनीचं तिकीट बांधू नका. आमच्या जळगावात हे सगळं पाहून झालंय ना भो. उडान योजनेत (छोटी गावं स्वस्तात विमानाने जोडायची सरकारी योजना) मुंबईचं विमान सुरू झालं, बंद पडलं, मग ट्रूजेट आली, लोकांना जरा सवय लागली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये त्या कंपनीची उड्डाणंच थांबली, नांदेडचंही तेव्हाच गेलं. २०२४ ला फ्लाय९१ आली तेव्हा कुठे गोवा, हैदराबाद, पुणे असं परत चालू झालं. चांगलं आहे, मी स्वतः जातो. पण जाताना मनात दुसरा रस्ता तयार ठेवूनच जातो.

भीमातीर:
पण विमान भरून जातंय म्हणतात की ओ. भरलेलं विमान कोण बंद करेल?

हिशेबनीस:
इथेच सगळे फसतात. दोन गोष्टी. एक, जिथे आधी काहीच नव्हतं तिथे टक्केवारीत वाढ कायम डोळे दिपवणारीच दिसणार, शून्याशेजारी काहीही ठेवा ते मोठंच दिसतं. बातमी वाचताना टक्के सोडून द्या आणि रोज किती विमानं उतरतात ते बघा, आणि त्यातली किती वेगवेगळ्या कंपन्यांची आहेत ते. एकाच कंपनीचं एकच विमान असेल तर प्रवासी कितीही वाढोत, त्या कंपनीने तोंड फिरवलं की विमानतळ रिकामं.

दुसरं म्हणजे भरलेलं विमान आणि परवडणारं विमान या वेगळ्या गोष्टी आहेत. उडानचं गणित असं की ठरावीक सीट सरकारने बांधून दिलेल्या भाड्यात विकायच्या (योजना आली तेव्हा साधारण तासाभराच्या प्रवासाला २५०० रुपये धरले होते) आणि त्यात कंपनीला जो खड्डा पडतो तो व्हीजीएफ, म्हणजे तूट भरून काढायचं सरकारी अनुदान, देऊन भरायचा. हा व्हीजीएफ तीन वर्षं मिळतो, त्यात २० टक्के वाटा राज्याचा. आपल्या सोलापूरला तर राज्याने वेगळा व्हीजीएफ मंजूर केला तेव्हा मुंबईचं जमलं. तीन वर्षं संपली की कंपनी बघते की याच विमानाने दुसरीकडे जास्त पैसे मिळतात का, आणि मिळत असतील तर ते विमान तिकडे जातं. यात कुणी वाईट नाही, कंपनीला विमानाचं भाडं आणि हप्ता रोज भरावाच लागतो.

कॅगचा, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्यांचा, २०२३ चा रिपोर्ट आहे यावर. उडानच्या तिसऱ्या फेरीपर्यंत कंपन्यांना ७७४ रूट दिले, त्यातले ४०३ सुरूच झाले नाहीत. जे ३७१ सुरू झाले त्यातले फक्त ११२ तीन वर्षं पूर्ण चालले. आणि तीन वर्षांनंतरही मार्च २०२३ पर्यंत टिकले किती, तर ५४. सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाचंच घ्या, ऑक्टोबर २०२१ ला वाजतगाजत मुंबईचं विमान सुरू झालं, तीन वर्षांची मुदत भरली आणि ऑक्टोबर २०२४ ला अलायन्स एअरचं ते विमान थांबलं.

कोल्हापुरी_निवांत:
हिशेबनीस, तुम्ही फक्त पडलेली घरं दाखवताय. आमचं कोल्हापूरचं उजळाईवाडी विमानतळ कितीतरी वर्षं ओस होतं, २०१८ ला उडानमुळे जाग आली, धावपट्टी वाढली, रात्री उतरायची सोय झाली, मार्च २०२४ ला नवीन टर्मिनल. तिकडे बिहारचं दरभंगा बघा, नोव्हेंबर २०२० ला सुरू झालं आणि तिकीट मिळायची मारामार, कारण बाहेरगावी कामाला गेलेली माणसं ढिगाने आहेत. नाशिकलाही २०२३ पासून इंडिगो आहे. गावाला खरी गरज असली की टिकतं.

हिशेबनीस:
मान्य. गरज असलीच पाहिजे, आणि सोलापूरला आहे, त्याबद्दल वाद नाही. विमानांच्या वाटेत येणारी साखर कारखान्याची चिमणी २०२३ ला पाडली तेव्हापासून लोक वाट बघत होते. पण धागा "सोलापूरला विमान असावं का" असा नाहीये, आईबाबांना तीन तासाच्या फरकाने दोन तिकिटांवर पाठवावं का असा आहे. त्याला उत्तर नाही असंच आहे.

पंखेवालं_विमान:
मी ग्राउंड हँडलिंगमध्ये काम केलंय, कुठे ते विचारू नका. रूट बंद पडायची भीती राहू द्या बाजूला, एप्रिलमध्ये तुमचं विमान असेलच असं धरू. रोजच्या रोज काय होतं ते सांगतो.

छोट्या विमानतळांवर येणारं विमान तिथे मुक्कामाला नसतं. एकच विमान सकाळपासून वडापसारखं या गावाहून त्या गावी फिरत असतं, तुमचं सोलापूर त्यातला तिसरा-चौथा टप्पा. सकाळी पहिल्या गावात पाऊण तास गेला की तो पाऊण तास दिवसभर वाढतच जातो. त्यामुळे तिकीट काढताना वेळ न बघता आधी हे बघा की तेच विमान त्याआधी कुठून येतंय. फ्लाइट ट्रॅकरवर चार दिवस लक्ष ठेवलं की सगळं कळतं.

मग येतात वॉच अवर्स. छोट्या ठिकाणी एटीसी (विमानांना वाट दाखवणारे) आणि फायरवाले चोवीस तास नसतात, ठरलेल्या वेळेपुरतेच असतात. विमानाला उशीर झाला आणि ती वेळ संपत आली तर वाढवून मागावी लागते, मिळाली तर ठीक, नाहीतर विमान येतच नाही. प्रवासी सिक्युरिटी करून आत बसलेत, बाहेर ऊन टळटळीत, हवा स्वच्छ, आणि काउंटरवरचा पोरगा सांगतोय रद्द. लोक त्याच्या अंगावर धावून जातात, त्या बिचाऱ्याच्या हातात काही नसतं.

हवामानाचंही तसंच. बऱ्याच लहान विमानतळांवर पायलटला डोळ्यांनी बघूनच उतरावं लागतं, त्याला व्हीएफआर म्हणतात, आणि त्यासाठी साधारण ५ किलोमीटरपर्यंतचं दिसलं पाहिजे. हिवाळ्यातलं धुकं, पावसाळ्यातले खाली आलेले ढग, विमान वर घिरट्या घालून परत. मुंबईसारख्या ठिकाणी यंत्रावर उतरवतात त्यामुळे तिथे तेवढं अडत नाही. एप्रिलमध्ये धुकं नाही पण सोलापूरचं दुपारचं ऊन आहे. हवा तापली की विरळ होते, विमानाला उचलायला जास्त धावपट्टी लागते, आणि धावपट्टी आखूड असेल तर वजन कमी करावं लागतं. मग काय करतात, चार बॅगा मागे ठेवतात, उद्या येतील म्हणून. औषधं चेक-इन बॅगेत टाकू नका, हे एवढं तरी नक्की ऐका.

मीनल_पुणे:
एकदम उपयोगी पोस्ट!! मी फक्त नियमांचं सांगते. एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंगवर, दोन्ही विमानं असतील तर पहिलं लेट झाल्यावर पुढची सोय कंपनी बघते, सामानही बहुतेक वेळा थेट जातं. वेगळी तिकिटं असतील तर दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने तुम्ही आलाच नाहीत, नो शो, पैसे गेले. रद्द झाल्याचं उड्डाणाला २४ तासांहून कमी वेळ असताना सांगितलं तर डीजीसीएच्या (विमान वाहतुकीचं सरकारी नियामक खातं) नियमाने रिफंड किंवा दुसरं विमान आणि वर भरपाई मिळते, पण तासाभराच्या उड्डाणाला ती ५००० रुपये किंवा मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यातलं जे कमी ते. आणि हवामानाचं कारण असेल तर भरपाई नाही. थोडक्यात जयपूरचं तिकीट बुडालं तर ते यातून वसूल होणार नाही.

अजून एक, मार्चच्या शेवटच्या रविवारी उन्हाळी वेळापत्रक लागतं. तुमची तारीख त्यानंतरची आहे. आत्ता साइटवर जी वेळ दिसतेय ती जुनी पुढे ढकललेली असू शकते, नंतर मेसेज येतो की तुमचं विमान आता चार तास उशिरा आहे. आणि तिकिटावर मुंबईचा कोड बीओएम (जुनं विमानतळ) आहे की एनएमआय (नवी मुंबई) ते नीट बघा, डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईही चालू आहे. एका ठिकाणी उतरून दुसऱ्या ठिकाणाहून उडायचं असलं तर तीन तास पुरतील का हे मुंबईच्या ट्रॅफिकला विचारा.

माझा सल्ला: पुण्याहून जयपूर थेट विमान मिळतं. सोलापूरहून सकाळची वंदे भारत पकडायची, पुण्यात उतरून दुपार-संध्याकाळचं विमान. बसून प्रवास, रात्रीचं जागरण नाही, एकच विमान.

खान्देशी_भो:
+१, हे बेस्ट आहे

भीमातीर:
बापरे, कोड बघितलाच नव्हता. बघितला आत्ता, दोन्ही तिकिटं एकाच ठिकाणची आहेत, पण टर्मिनल वेगळं. वंदे भारतचं डोक्यातच नव्हतं आलं, आम्हाला जयपूर म्हणजे मुंबईमार्गेच अशी सवय. आईच्या गुडघ्याचं काय पण? शिडी चढावी लागेल ना?

आज्जीची_नात:
व्हीलचेअर तिकीट काढतानाच टाका, फुकट असते, विमानतळावर पोचून मागितली तर ताटकळत बसावं लागतं. पुण्यात एरोब्रिज (टर्मिनलमधून थेट विमानात नेणारा पूल) मिळेलच असं नाही, बसने नेऊन शिडी लावली तर व्हीलचेअरवाल्यांसाठी अँब्युलिफ्ट (खुर्चीसकट दारापर्यंत उचलणारी गाडी) मागायची, लाजायचं नाही. सोलापूरसारख्या ठिकाणी एरोब्रिज नसतोच, चालत जायचं. एटीआर (पंख्याचं छोटं विमान) असेल तर मागच्या दाराची पाच-सहा पायऱ्यांची शिडी असते, माझ्या आजीला ती जमली. जेट असेल तर दार उंच, आधी फोन करून विचारा रॅम्प आहे का.

भीमातीर:
ठरलं मग. जाताना वंदे भारत आणि पुण्याहून थेट. आई जरा नाराज आहे, तिला सोलापूरच्या विमानात बसायचंच होतं, मैत्रिणींना सांगून झालंय 😄

पंखेवालं_विमान:
मग येताना बसवा की! येताना हिशेब उलटा होतो. जयपूर-मुंबई आधी, सोलापूरचं विमान शेवटी. ते रद्द झालं तरी मागे काही बांधलेलं नाही, रिफंड घ्यायचा आणि रात्रीची सिद्धेश्वर. फक्त जयपूरहून सकाळचं पहिलं विमान घ्या म्हणजे मध्ये भरपूर वेळ राहील. आणि हे तिकीट आज काढू नका, उन्हाळी वेळापत्रक पक्कं झालं की काढा, फार थांबूही नका, कमी भाड्याच्या सीट मोजक्याच असतात.

कोल्हापुरी_निवांत:
हे आवडलं. नाहीतर सगळे रद्द होईल म्हणून जायचे नाहीत आणि मग लोकच नाहीत म्हणून बंद व्हायचं.

होटगीरोड:
बोरामणीच्या नव्या विमानतळाचं काय झालं बे शेवटी? जमीन घेऊन किती वर्षं झाली.

हिशेबनीस:
माळढोक, वनजमीन, सगळं आहे त्यात. वेगळा धागा काढा, इथे नको.

मीनल_पुणे:
भीमातीर, येतानाच्या सामानाचं बघा, दोन्ही तिकिटांवर चेक-इन किती किलो आहे ते वेगवेगळं तपासा. बहुतेक १५ असतं, पण छोट्या विमानात वरचे कप्पे लहान, केबिन ट्रॉली दारातच काढून घेतात.

भीमातीर:
भाऊ प्रत्येक वेळी दोन रजया बांधून देतोच. त्याला सांगतो या वेळी कुरियर कर.